निघण्याची तारीख

माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावातून तो आयटीआय करून गुजरातेत गेला, तिथे काही वर्षं रिफायनरीच्या कामावर होता आणि तिथूनच परदेशात एका तेलवाहिनीच्या प्रकल्पावर गेला. देशाचं नाव या मजकुरात नाही. कुणाचंच नाव नाही. नावं वगळण्याचं कारण पुढच्या हकिगतीत आहे.

विमानतळापासून त्याच्या कॅम्पपर्यंत चार तासांचा रस्ता आहे. या रस्त्यावर परदेशी कामगारांना गाडीतून उतरवून नेण्याचे प्रकार घडतात. म्हणून कंपनीची गाडी एकटी जात नाही, सोबत बंदूकधारी पहारेकरी असतात. कोणत्या दिवशी कोण जाणार हे आधी कुणाला सांगत नाहीत. ड्रायव्हरलाही तासभर आधी कळतं. अंधार पडायच्या आत कॅम्पचं फाटक बंद होतं.

पहिल्या खेपेला तो गुजरातेतूनच परस्पर गेला होता. गावाला कळलं तेव्हा त्याला तिथे आठवडा झाला होता. दुसऱ्या खेपेला तो महिनाभराच्या सुट्टीवर घरी आला आणि परत जाणार होता ते घरून. फरक एवढाच होता.

येताना त्याने कंपनीचे दोन छापील कागद आणले होते. इंग्रजीत होते. मी हिंगोलीत वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत काम करतो. वृत्तसंस्थेकडून आलेल्या बातम्यांचं भाषांतर करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. "घरच्यांना समजंल असं मराठीत करून दे," असं तो म्हणाला, आणि मी एका रविवारी अंगणात बसून ते करून दिलं. दागिने, भारी घड्याळ घालू नये. पासपोर्टच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. गाडी थांबवली गेली तर हात दिसतील असे ठेवावेत, वाद घालू नये. तिसरं कलम असं होतं: प्रवासाची तारीख, विमान, मार्ग आणि मुक्काम घरातल्या दोन माणसांपलीकडे कुणालाही सांगू नये. हे वाक्य मी दोनदा दुरुस्त केलं. आधी 'शक्यतो सांगू नये' असं लिहिलं होतं. मूळ मजकुरात 'शक्यतो' नव्हतं, म्हणून काढलं.

शेवटी एक तक्ता होता. त्यात घरच्यांनी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून द्यायचं होतं. उत्तर फक्त भावाला आणि घरच्यांना माहीत असावं. कामगार कुणाच्या ताब्यात सापडला, तर तो जिवंत आहे की नाही हे त्या उत्तरावरून ताडून पाहता येतं. हे शेवटचं वाक्य मी मराठीत केलं नाही. आईला एवढंच सांगितलं, "फोनवर तोच बोलतोय याची खात्री करायला लागतं."

प्रश्न ठरवायला आम्ही चौघं अंगणात बसलो: आई, भाऊ, त्याची बायको आणि मी.

"पहिली शेळी आपून कुणाला इकली, ते लिव्ह," भाऊ म्हणाला.

"त्यो सौदा पारावर झालता," भावजय म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाव हाय."

"मग हनुवटीची खूण. कशानं लागलं ते."

"ते तर तुमी सोता सगळ्याला सांगत फिरता. माझ्या माहेरात बी ठाव हाय."

आई म्हणाली, "लग्नात हा जेवला न्हवता, ते?"

"आत्याबाई, त्येचा तर व्हिडिओ हाय."

भिंतीपलीकडे शेजारच्या काकू तुरी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि भिंतीवर हात टेकून विचारलं, "काय कोडं घालून राहिलाव गं? आन् त्यो लहानपणी इहिरीत पडलता, त्येला कुणी काढलं, ते काहून इचारीना? म्या काढलं व्हतं."

आम्ही सगळे हसलो. भाऊ सर्वांत जास्त हसला. मग आम्ही उठून घरात गेलो, दार लावलं आणि पुन्हा बसलो. तासाभराने एक प्रश्न सापडला. तोही आईच्या आणि त्याच्या एका जुन्या भांडणातला निघाला, जे दोघांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तो भावजयीला त्या दिवशी पहिल्यांदा कळला आणि तिचं तोंड थोडं उतरलं. माणसाच्या आयुष्यात गावाला माहीत नसलेली गोष्ट शोधायला आम्हाला एवढा वेळ लागला, हे तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस घरोघर सांगून निघतो. चार घरी चहा होतो. न सांगता गेला, तर काही चोरून नेल्यासारखं बोललं जातं. आणि आमच्या वस्तीत याला आणखी एक बाजू आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत गाव सोडायचं ते ऊसतोडीला किंवा रस्त्याच्या कामावर. पासपोर्ट काढून, विमानाने, हातातल्या कौशल्यावर परदेशी गेलेला आमच्या वस्तीतला पहिला माणूस माझा भाऊ. त्याला गुपचूप जाऊ देणं कुणालाच मान्य होणारं नव्हतं. निघण्याच्या तीन दिवस आधी विहारात कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, शाल आणि पुष्पगुच्छ देण्यात आला, शाळेतल्या मुलांना पुढे बसवून "तुमालाबी असंच जायचं हाय" असं सांगण्यात आलं. भाऊ शाल अंगावर घेऊन अवघडून बसला होता. कधी निघणार, कुठून, हे तिथे माइकवर सांगितलं गेलं. ते सांगणाऱ्याला तारीख भावाने दिली नव्हती. भावजयीने तिच्या भावाला सांगितली होती, आईने काकूंना. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो होतो.

बातमी मी केली. आतल्या पानावर, एका कॉलमात, शालीतल्या फोटोसह. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, ते संपादक 'कधी' आणि 'कुठे' नसलेली बातमी परत टेबलावर टाकत आणि ही अफवा आहे, असं म्हणत. त्यामुळे माझ्या बातमीत ते सगळं होतं. युवक रविवारी हैदराबाद विमानतळावरून रवाना होत आहे, सोमवारी अमुक शहरात पोहोचेल आणि मंगळवारी तमुक प्रकल्पस्थळी रुजू होईल. तिसरं कलम मला आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते तिकडच्या लोकांसाठी आहे, असं मी गृहीत धरलं होतं. आमची आवृत्ती जिल्ह्याबाहेर जात नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं जीपने वारंगा फाट्यावर आलो. तिथून नांदेड, नांदेडहून हैदराबाद. बसला वेळ होता म्हणून हॉटेलच्या बाकावर बसलो. समोर विजेच्या खांबाला भावाच्या मित्रांनी लावलेला फ्लेक्स होता. त्यावर त्याचा फोटो, विमानाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत तारीख. भावाच्या हातात आदल्या दिवशीचा पेपर होता. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"दादा, मंगळवार काहून टाकला?"

"बातमीत लागतं ते."

"तूच तर मराठीत करून दिलं, सांगू नये म्हणून."

"आपला पेपर तिथं कोण वाचतो?" मी म्हणालो.

त्याने पेपरची घडी केली. तेवढ्यात शेजारी थांबलेल्या जीपचा ड्रायव्हर, जो आमच्या ओळखीचा नव्हता, खाली वाकून त्याच्याकडे पाहायला लागला आणि एकदम खूश झाला. "आरं, बोर्डावरचे, पेपरातले तुमीच व्हय! मंगळवारी पोचून राहिलाव न्हवं? बराबर वळखलं. तिकडं सोनं सस्तं हाय म्हणत्यात, खरं का?"

भावाने हसून मान हलवली. तो जीपवाला गेला आणि दहा मिनिटांत भावाचा फोन वाजला. तिकडच्या कॅम्पमधून होता, त्याच्याच खोलीत राहणारा बिहारचा फिटर. फोन स्पीकरवर होता. "भाई, बधाई हो! तेरा फोटो इधर सबके पास है। शाल ओढ़ के एकदम दूल्हा लग रहा है। मंगल को आ रहा है ना? कैंटीनवाले को भी दिखाया, बोल रहा था, मुर्गा बनाऊँगा।"

पेपर तिथे कोण वाचतो, याचं उत्तर मिळालं होतं. गावातला एक मित्र पूर्वी गुजरातेत त्याच्याबरोबर होता. त्याने बातमीचं कात्रण आणि फ्लेक्सचा फोटो जुन्या वेल्डर-फिटरच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपमधले निम्मे लोक आता त्याच कॅम्पमध्ये होते. कँटीनवाला त्याच देशाचा, जवळच्या गावातला. तो वाईट माणूस आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. पण तो संध्याकाळी घरी जातो.

भावाने फोन खिशात ठेवला. चहा तसाच होता.

दुसऱ्या कागदावर एक कलम होतं: प्रवासाची माहिती बाहेर गेली असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला ताबडतोब कळवावं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

"सांगितलं तर थांबवतील," तो म्हणाला. "म्हणतील, ह्येला नियम पाळता येत न्हाई. मग दुसरा कुणीतरी जाईल. रांग लागलेली हाय."

"आणि न सांगितलं तर?"

"तर मंगळवारी गाडीत बसायचं."

बस आली, थांबली, माणसं चढली. आम्ही चढलो नाही. कंडक्टरने आमच्याकडे पाहून घंटी मारली. भावाने बॅग दोन पायांच्या मध्ये ओढून घेतली. नंतर म्हणाला, "लिव्ह. इंग्रजीत लिव्ह."

मी त्याच्या फोनवरून, त्याच्याच नावाने ईमेल लिहिला. प्रवासाची तारीख आणि मार्ग स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला आहे आणि तो कॅम्पमधल्या लोकांपर्यंत पोहोचला आहे. कात्रणाचा फोटो जोडला. त्याने विचारलं, "कुणी छापलं ते लिव्हलं का?" मी लिहिलं नव्हतं. मग आणखी एक वाक्य घातलं, की बातमी माझ्या मोठ्या भावाने दिली, मला त्याची कल्पना नव्हती. त्याने पाठवायचं बटण स्वतः दाबलं.

उत्तर नांदेडच्या बसस्थानकावर आलं. चार ओळी होत्या. ठरल्याप्रमाणे विमानात बसा. विमानतळावर एक माणूस भेटेल, त्याच्या हातातल्या पाटीवर तुमचं नाव नसेल, दुसरं असेल. ते नाव खाली दिलं होतं. उतरल्यावर फोन बंद ठेवा आणि आम्ही सांगेपर्यंत घरीसुद्धा संपर्क करू नका. माझ्या बातमीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

हैदराबादच्या बसमध्ये बसताना भाऊ म्हणाला, "मायला सांगू नको. म्हणावं, रेंज न्हाई."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारपासून गाव विचारायला लागलं. पोचला का, फोन आला का, कसं हाय तिकडं. यात वाईट काहीच नव्हतं, पोचल्याचं विचारणं ही रीतच आहे. आई आधी "रेंज न्हाई" म्हणायची. शुक्रवारी काकूंनी तिला विहिरीवर गाठून विचारलं, "आमच्यापसून काहून लपवून राहिली गं? आमी का परके?" आई घरी आली आणि मला फोन करून म्हणाली, "लोकायला काय सांगू? तू पेपरात समदं सांगतू, मला मातर एक शब्द सांगीना."

मी शनिवारी गावाकडे जाताना वाटेत फाट्यावर उतरलो. फ्लेक्स तसाच होता. तो काढायला मी एका दुकानातून शिडी मागून आणली. भावाचे दोन मित्र धावत आले.

"दादा, हे काय चाललंय?"

"काढायचा आहे."

"काहून? भावाचा बोर्ड लागला, पत्रकार सायबाचा आजून लागला न्हाई, म्हणून झोंबलं का?"

दुसरा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, दादा. तुमी पुरस्कार घ्या एखांदा, तुमचा याच्याहून मोठा लावू."

त्यांना कारण सांगायचं, तर ज्याबद्दल बोलायचं नव्हतं तेच बोलावं लागलं असतं. मी म्हणालो, ग्रामपंचायतीकडे तक्रार आली आहे, विनापरवाना फ्लेक्स काढायचा आदेश आहे. अशी तक्रार नव्हती, आदेशही नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी पत्रकार आहे. शिडी त्यांनीच धरली.

घरी भावजय माझ्याशी बोलली नाही. ती चौथ्या दिवसापासून कुणाशीच फारशी बोलत नव्हती. जेवताना तिने ताट वाढलं आणि विचारलं, "दादा, त्या कागदावर शेवटला जो प्रश्न व्हता, त्यो कशापाई असतो, खरं सांगा." मी सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं." आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं की नाही हे मला कळलं नाही.

दहाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, अनोळखी नंबरवरून आईच्या फोनवर फोन आला. मी सुट्टी टाकून घरीच होतो. भावाचाच आवाज होता, पण दबलेला. आई त्याला "लेकरा" म्हणाली आणि लगेच थांबली. मग तिने तो प्रश्न विचारला. मी तिला विचारायला सांगितलं नव्हतं. पलीकडून त्याने उत्तर दिलं. बरोबर होतं. आईने फोन भावजयीकडे दिला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

शेवटी तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "दादा, बाजूला जा." मी गोठ्याकडे गेलो.

त्याला विमानतळाजवळ एका बंद इमारतीत ठेवलं होतं. कॅम्पवर तो आदल्या दिवशी पोहोचला होता. ठरलेल्या मंगळवारची गाडी मात्र रद्द झाली नव्हती. कॅम्पला लागणारं धान्य आणि सुटे भाग न्यायचे होते, म्हणून ती त्याच्याशिवाय गेली. निम्म्या वाटेवर हत्यारबंद माणसांनी ती अडवली. पहारेकरी दोन होते, त्यांना रस्त्यावर पालथं झोपवलं. ड्रायव्हरला घेऊन गेले.

मी विचारले ते प्रश्न मला आठवतात, कारण ते मी नेहमीच विचारतो. किती जण होते? किती वाजता? गाडीचं काय केलं? सामान नेलं का?

सामान नेलं नाही, तो म्हणाला. पहारेकऱ्याने सांगितलं त्यावरून, त्यांनी आधी मागचं सीट पाहिलं. मग ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. त्याने नाही म्हटलं.

"तुझ्याबद्दल विचारलं?"

"मला कुणी सांगंना. सायेब म्हणतात, या रस्त्यावर हे व्हतच असतं." मग म्हणाला, "ह्येची बातमी करू नको."

त्या अडवणुकीचा आणि माझ्या एका कॉलमाचा संबंध होता, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. नव्हता असं म्हणायलाही नाही. कार्यालयात एखाद्या वार्ताहराने हे लिहून आणलं असतं, तर मी दोन्ही वाक्यं काढली असती.

मी परत आलो तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. "त्यो नीट हाय, मग तुझं त्वांड असं काहून?"

मी तिला सांगितलं. बातमीचंही सांगितलं, ईमेलचंही. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "त्यो डायवर केवढा हाय? लेकरंबाळं हाय का त्येला?"

मला माहीत नव्हतं.

"येवढं इचारलं, ते काहून न्हाई इचारलं?"

आता भाऊ आठवड्यातून एकदा, कंपनीच्या फोनवरून, ठरलेल्या वेळी बोलतो. तारीख, गाडी, रस्ता यांबद्दल आम्ही बोलत नाही. गावाला एवढंच माहीत आहे, की तो पोचला आणि कामाला लागला. ज्या मित्राने कात्रण ग्रुपवर टाकलं, त्याला मी काही सांगितलेलं नाही. त्याने टाकलं ते मीच छापलेलं होतं. आई प्रत्येक वेळी आधी ड्रायव्हरचं विचारते आणि भाऊ प्रत्येक वेळी, अजून काही कळलं नाही, असं सांगतो. मागच्या रविवारी त्याने सांगितलं, की त्या ड्रायव्हरच्या घरची माणसं सकाळपासून कॅम्पच्या फाटकाशी येऊन बसतात.

"कोण कोण येतं?" आईने विचारलं.

"एक म्हातारी असती. तिच्यासंगं बाई हाय एक."

"उन्हात बसत्यात?"

"व्हय."

"पाणी तरी देता का तिला?"

"माय," तो म्हणाला, "आमाला फाटकाभायेर जायाची परवानगी न्हाई."